ओळ उचलणाऱ्या बायका

‘स्वच्छ’ हा शब्द ऐकला की हल्ली माझं डोकं फिरतं. कुणी म्हणालं, आवाज स्वच्छ करून देतो, तर मी आधी विचारते, बाबा रे, तू घाण कशाला म्हणतोस ते सांग. कारण माझ्या सासूचा आवाज एकदा असाच स्वच्छ करून दिला, आणि तिनं गाणं सोडलं.

मी मुरबाडला एका छोट्या एफएम केंद्रावर काम करते. एका संस्थेचं केंद्र आहे. भाजीचे भाव, लसीकरणाचे दिवस, भाताच्या रोगाची माहिती, शाळेतल्या पोरांची गाणी, असं सगळं आम्ही लावतो. रेकॉर्डिंग करायचं, कापायचं, जोडायचं, आणि बोलणारा आला नाही तर माइकसमोर बसून आपणच बोलायचं, हे माझं काम. घर टोकावड्याच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत, वाडीवर. तिथं आमचं केंद्र जेमतेम पोचतं. रेडिओ ओटीच्या खिडकीत ठेवला तर बोलतो, चुलीपाशी नेला की नुसता खरखरतो.

माझी सासू धवलारीण. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिनं म्हणायचं. भटजी येतो आणि जातो, धवलारीण मांडवातून हलत नाही. ती पुढं बसते, नवरीकडे तोंड करून. तिच्या पाठीशी वाडीतल्या बायका. ती एक ओळ सोडते, मागच्या बायका ती उचलतात. उचलतात म्हणजे ओरडत नाहीत हं. खालच्या आवाजात, हळद वाटता वाटता, पोर मांडीवर थोपटता थोपटता म्हणतात. पण म्हणतात. त्याशिवाय पुढची ओळ येत नाही.

आणि आमच्या वाडीत एक रीत आहे, ती वाईट आहे पण आहे. धवलारीण म्हातारी झाली, चुकायला लागली, तर ‘बाई, आता पुरे’ असं तिला तोंडावर कुणी म्हणत नाही. बायका तिची ओळ उचलायच्या बंद होतात. ती ओळ सोडते आणि मागं सगळं गप्प. मग ती काय ते समजते. पाटावरून उठते आणि मागं येऊन बसते. माझ्या सासूच्या आधी जी होती, तिच्या बाबतीत असंच झालं होतं, आणि त्या दिवशी गप्प बसलेल्यांत माझी सासूही होती. हे तिनंच मला सांगितलं होतं, भाकरी थापता थापता, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट असावी तसं.

आता आमचे साहेब. केंद्राचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण आवाजाच्या बाबतीत त्यांना एकच कळतं, मोठा. मुंबईची मोठी स्टेशनं लावून बसायचे आणि म्हणायचे, “बघा, कसा भरलेला आवाज येतो. आपला पिचका.” मग त्यांनी आवाजावर प्रक्रिया करणारं एक सॉफ्टवेअर आणलं. त्यात गाणं घातलं की ते मोठा आवाज दाबतं, मग सगळंच्या सगळं वर उचलतं. हळू बोललेलं आणि ओरडून बोललेलं एकाच उंचीचं होतं. यात एक गोष्ट खरी, आमच्या वाडीसारख्या लांबच्या ठिकाणी असा दाबलेला आवाज खरखरीच्या वर राहतो, ऐकू तरी येतो. ते मी कबूल करते. पण सगळंच वर उचललं की पंखा, कोंबड्या, रस्त्यावरचा ट्रक, तेही वर येतं. मग साहेबांनी त्याच्या आधी आवाजाला एक दार बसवलं. ठरावीक उंचीच्या वरचा आवाज आला की दार उघडतं, त्याखालचा असला की धाडकन बंद. खालचं ते सगळं नॉइज. कुणाचं खाली आणि कुणाचं वर, हे ठरवणारे साहेब. तेही खुर्चीत बसून, एक बटण सरकवून.

उन्हाळ्यात वाडीतच एक लग्न होतं. साहेब म्हणाले, धवलारणीचं गाणं घेऊन या, लोकसंस्कृतीचा कार्यक्रम करू. माइक एकच दिला आणि बजावलं, “तोंडाच्या अगदी जवळ धरा, नाहीतर मांडवातला कचरा येईल.” मी हळदीच्या दिवशी रेकॉर्डिंग केलं. मागं काकी होती, म्हणजे माझी चुलत सासू, सासूची धाकटी जाऊ. बायकांत पहिली ओळ उचलते ती काकीच, बाकीच्या तिच्या मागून येतात. कानाला हेडफोन लावून ऐकलं तेव्हा सगळं होतं. वरवंटा होता, बांगड्या होत्या, आणि लांबून, पण नीट, त्या बायका होत्या. मी फाइल साहेबांच्या हवाली केली.

कार्यक्रम लागला त्या सकाळी अर्धी वाडी आमच्या ओटीवर. काकी नवं लुगडं नेसून आलेली, जणू रेडिओतून ती दिसणारच होती. सासू खिडकीखाली, रेडिओ कानाला लावून. तिला हल्ली जवळ धरल्याशिवाय ऐकू येत नाही, म्हातारपण म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं.

गाणं सुरू झालं. सासूचा आवाज असा आला की ओटीवरची पोरंसुद्धा दचकली. मोठा, भरलेला, अंगावर येणारा. पहिली ओळ संपली आणि काहीच नाही. वरवंटा नाही, बांगडी नाही, बाई नाही. विहिरीत दगड टाकावा आणि ‘डुबुक’ होऊच नये, तसं. मग तिची दुसरी ओळ, आणि पुन्हा काहीच नाही. शेवटपर्यंत हेच. भर मांडवात बसून एक म्हातारी एकटीच गात होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण माझ्याआधी काकी उठली. “आमी काय मुक्या होतो का गो?” मला म्हणाली. “सासूला मोठी करायला आमाला कापलंस व्हय? र्‍हा तुमीच दोघी गात.” आणि पदर झटकून गेली. तिच्यामागून बाकीच्या. मी “काकी, ऐका तरी” म्हणत अंगणापर्यंत धावले, कुणी वळून बघितलं नाही.

परत आले तर सासू तशीच बसलेली, रेडिओ मांडीवर. मी सांगायला लागले, आई, ते मशीननं खाल्लंय, त्या म्हणत होत्या, मी ऐकलंय. तिनं हात वर केला.

“कवापासून?” म्हणाली.

“काय कवापासून?”

“त्यांनी उचलायचं कवापासून सोडलं?” मग माझ्याकडे न बघता बोलली, “मला मागचं ऐकू येत नाय गो. मागल्या सालापासून नाय. मी आपली एक श्वास थांबते आणि पुढची ओळ घेते. वाटायचं, त्या म्हणतायत. कुणी सांगितलं नाय. तुमी सगळ्यांनी माझी कीव केली.”

तिला कमी ऐकू येतं हे माहीत होतं, पण ती वर्षभर पाठीमागच्या बायकांवर नुसता भरवसा ठेवून गात होती, हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि आता वाडीभर लाज गेली म्हणून रुसलेल्या बायका आमच्या अंगणाकडे फिरकेनात. ते बघून सासूची खात्रीच पटली. पाण्याला जाताना काकी तोंड फिरवून जायची आणि सासू मला म्हणायची, “बघ. तोंड दाखवायला लाजते. मीपण तशीच लाजले होते तवा.” पुढच्या लग्नाची सुपारी घेऊन माणसं आली, तर तिनं त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, दुसरी बघा.

सुपारीची माणसं परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या समोर उभी. म्हटलं, मूळ फाइल लावा, आहे तशी. साहेब चहा ढवळत म्हणाले, “अहो, मूळ फाइलमध्ये किती कचरा आहे! आम्ही केवढं स्वच्छ केलं. लोकांचे फोन आले, काय खणखणीत आवाज म्हणून.”

“साहेब, तो कचरा नाही, बायका आहेत त्या.”

“बॅकग्राउंड आहे ते. गायिका तुमच्या सासूबाई. त्यांनाच तर पुढे आणलं. तुम्हाला आनंद व्हायला हवा.”

“त्यांनी गाणं सोडलंय.”

“का?”

आता का म्हणून काय सांगू? मी सांगितलं, रीत सांगितली, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, हा तुमचा घरगुती गैरसमज आहे, केंद्राच्या क्वालिटीशी त्याचा काय संबंध? आणि वर खुशखबर दिली. सासूची पहिली ओळ त्यांना इतकी आवडली होती की सकाळच्या सभेची, म्हणजे सकाळच्या प्रसारणाची, सुरुवात आता रोज तिनंच होणार. एक ओळ, मग जराशी शांतता, मग केंद्राचं नाव. “शांतता फार परिणामकारक वाटते,” म्हणाले. मी त्या खोलीतून बाहेर पडले नसते तर तो कप त्यांच्या अंगावर गेला असता. परिणामकारक म्हणे! माझ्या घरात बघायला या परिणाम.

मूळ रेकॉर्डिंग अजून रेकॉर्डरमधल्या कार्डावर होतं. रेकॉर्डर मी घरी आणला, हेडफोन सासूच्या कानावर चढवला, आवाज पुरा वाढवला. म्हटलं, आता ऐका. ती ऐकत राहिली. मला हेडफोनच्या बाहेरूनही बायका ऐकू येत होत्या, बारीक, पण येत होत्या. सासूनं हेडफोन काढून माझ्या हातात दिला. “माझाच येतो,” म्हणाली. “मागं कुठं काय हाय?” तिच्या कानालाही तसंच दार बसलेलं होतं, आणि ते साहेबांनी बसवलेलं नव्हतं. त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन रडले. कुणावर रागवायचं तेही कळेना, म्हणून शेणाच्या पाटीला लाथ घातली.

आणि रोज सकाळी खिडकीत रेडिओ लागायचा. बंद करा म्हटलं तर सासू बंद करू देईना. ती ओळ यायची, मग ती शांतता. सासू रोज न चुकता ती शांतता ऐकायची. माणूस दुखरा दात जिभेनं दाबून बघतो ना, तसं चाललं होतं.

शेवटी मी काकीच्या दारात गेले. तिनं “ये” म्हटलं नाही, मी तशीच पायरीवर बसले आणि हेडफोन तिच्या कानाला लावला. ती आधी झटकायला बघत होती. मग हात थांबला. “मी हाय,” म्हणाली. “मीच हाय की गो. पयली मीच उचललीय.” मग मी तिला सासूचं सांगितलं. मागचं ऐकू येत नाही, वर्षभर येत नव्हतं, आणि तिला वाटतंय तुम्ही उचलायचं सोडलंत.

काकीनं हेडफोन काढून पायरीवर ठेवला. मग जी सुरू झाली! साहेबाचा मुडदा बशिवला, मशीनचा बशिवला, माझा बशिवला, आणि सगळ्यात जास्त सासूचा. “बयरी झाली तर सांगायचं नाय? मी काय परकी? एवढी वरसं तिच्या पाठीला लागून बसले मी!” डोळे पुसत होती आणि शिव्या देत होती. मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

दुसऱ्या सकाळी मी कामाला निघायच्या तयारीत, रेडिओ खिडकीत, सासू खाली बसलेली. सभा सुरू व्हायच्या जरा आधी काकी अंगणातून वर आली. मागं बसायची तिची जन्माची सवय, पण त्या दिवशी ती सासूच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसली. सासूनं मान खाली घातली. “जा गो,” म्हणाली, “कशाला आलीस?”

रेडिओवर सासूची ओळ आली, तीच खणखणीत. संपली. ती मेली शांतता सुरू झाली. आणि त्या शांततेत काकीनं तोंड उघडलं आणि ओळ उचलली. खालच्या आवाजात, जशी मांडवात म्हणतात तशीच, पण सासूचा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवून. कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या दोघींनीही ती उचलली. रेडिओवर केंद्राचं नाव आलं, पण ते कुणी ऐकलं नाही.

सासू काकीच्या तोंडाकडे बघत होती. हात गळ्यावरून काढत नव्हती. काकीची ओळ संपली तशी तिनं एक श्वास घेतला.

आणि दुसरी ओळ सोडली. ती रेडिओवर नव्हती.