ओढ्याकाठची जोडझाडं

रशीदभाई गेल्याची बातमी पत्रकारांच्या ग्रुपवर आली तेव्हा ते गेलेले नव्हते! हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आणि मी दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून ती बघत होतो. श्वास चालू होता. नुसता संताप झाला. एक फोन करून खात्री करायला काय जात होतं या लोकांचं? खरोखर गेले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. महिना होत आला, राग उतरत नाही.

कारण हा माणूस खात्रीच्याही पुढे जायचा. शहाद्यातल्या एका खोलीत आम्ही दोघं बातमीदार शेजारी बसायचो. त्यांच्या टेबलासमोर एक लाकडी स्टूल होतं. बातमी ज्या गरिबाची, त्याला त्यावर बसवून ते पाठवण्याआधी वाचून दाखवत, अहिराणीत नाहीतर पावरा आदिवासींच्या पावरी बोलीत. पुढाऱ्यांना ही सवलत नव्हती. मी चिडवायचो, "काय भाई, पोथी लावली का?" ते म्हणायचे, "ज्यानी बातमी शे, त्याले पहिले आयकू दे, भो."

एकदाच उलटं झालं. काठी गावाकडच्या डोंगरातल्या एका बाईला गावानं डाकीण ठरवलं होतं. मारातून निसटून ती दूरच्या पाड्यावर मामाकडे लपली होती. रशीदभाई तिला भेटून आले, नाव-गाव वगळून लिहिलं. वरून घाई, म्हणून बातमी आधी गेली आणि वाचन मागून, तेही फोनवर. ऐकून बाई पावरीत एवढंच म्हणाली, ओढ्याकाठची मोहाची जोडझाडं लिहिलीस, आता सगळ्यांना कळेल मी कुठे आहे.

रशीदभाईंचा चेहरा पांढराफटक पडला. डोंगरातलं घर झाडावरून ओळखतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यांनी लगेच संपादकांना फोन लावला. पान लागून छपाईला तयार होतं. "नाव नाही, गाव नाही, निदान झाडं तरी राहू द्या!" संपादक ओरडले.

"साहेब, आमच्याकडे झाड म्हणजेच पत्ता."

"आता पान फोडायला लावलंत तर उद्यापासून घरी बसा."

"बसतो. पण ओळ काढा."

फोन कट झाला. पुन्हा लागेना. सकाळी स्टँडवर पेपरचा गठ्ठा उतरला, दोरी मी सोडली. त्यांनी उभ्याउभ्या बातमी वाचली, परत वाचली. "ती ओळ नही शे, भो... नही शे," म्हणत फुटपाथवरच बसले. बाई सुखरूप राहिली. त्यांची बातमी मात्र बरेच दिवस पहिल्या पानावर आली नाही.

काल ते स्टूल घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. भाभींना त्यावर बसवलं आणि हा लेख अख्खा वाचून दाखवला. खूप रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "दवाखानामा मन्हासंगे शेवटलं काय बोलनात, ते काढी टाका. ते मन्हं शे."

काढलं.