खंदक आणि खुर्ची

पासष्टच्या लढाईत बंगलोरवर एकही बॉम्ब पडला नाही, तरी आमच्या घरात एक माणूस जखमी झाला. तो माणूस म्हणजे माझे यजमान, आणि त्यांना जखमी केलं ते त्यांनी स्वतः हौसेनं खणून घेतलेल्या खंदकानं. आज मी हे हसत सांगते. हसू तेव्हाही आलं होतं, पण बायकोला तशी सोय नसते.

चामराजपेटेत आमचं घर आणि घराच्या पुढच्या दोन खोल्यांत यजमानांचा दवाखाना. मीही डॉक्टर. मुंबईला शिकले, रीतसर पास झाले, लग्न होऊन इकडे आल्यावर वर्षभर त्यांच्या शेजारच्या टेबलाशी बसलेसुद्धा. मग मोठा झाला, मग धाकटी झाली, आणि माझं टेबल कधी कंपाउंडरच्या बाटल्यांखाली गेलं ते कुणालाच कळलं नाही. 'पुढच्या महिन्यापासून बसते' असं म्हणत मी अकरा वर्षं काढली. पेशंट मला अम्मा म्हणायचे आणि प्यायला पाणी मागायचे.

लढाई सुरू झाली आणि शहरात विमानांचा कारखाना असल्यामुळे पहिला बॉम्ब आपल्याच दवाखान्यावर पडणार, अशी यजमानांची खात्री झाली. नागरी संरक्षणाची एक इंग्रजी पुस्तिका त्यांनी कुठूनशी पैदा केली आणि त्यांच्या अंगात आलं. दारापुढे वाळूची पोती आली. पेशंट त्यांवर बसून पान खायला लागले. खिडक्यांना काळा कागद लागला; मग भर दुपारी घसा बघायला कंदील धरावा लागे. जखमींसाठी चिठ्ठ्या रंगवून झाल्या. लाल म्हणजे लगेच बघायचा, पिवळा म्हणजे थांबू शकेल, हिरवा म्हणजे घरी पाठवायचा. आणि भिंतीवर एक भलामोठा तक्ता लागला, 'आपत्काळी दवाखाना चालू ठेवण्याची व्यवस्था'. डॉक्टरांनी काय करायचं, कंपाउंडरनं काय करायचं, सगळं त्यात होतं. शेवटच्या ओळीत मी होते. 'सौ. – गरम पाणी व चहा.'

मी तो तक्ता दोनदा वाचला. "अहो, पाणी किती गरम?" असं विचारलं.

"चांगलं उकळतं," ते म्हणाले, आणि पुन्हा पुस्तिकेत डोकं घातलं. माणूस वाईट नव्हता हो. आपण काय लिहिलंय हे त्यांना खरंच कळलं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मग तालीम. पुस्तिकेत लिहिलं होतं की बॉम्ब पडताना दातांत काहीतरी धरावं, म्हणजे हादऱ्यानं जीभ चावली जात नाही. आमचे कंपाउंडर अण्णा हुबळीकडचे, पन्नाशीचे, अर्धं मराठी अर्धं कानडी बोलणारे आणि सांगितल्या कामात कसूर न करणारे. त्यांनी औषधाच्या बाटल्यांची होती नव्हती ती सगळी बुचं पेशंटांना वाटून टाकली. शिट्टी वाजली आणि पंधरा-वीस माणसं दातांत बूच धरून जमिनीवर पालथी पडली. एक आजोबा तसेच झोपी गेले. तालीम संपल्यावर चावलेली बुचं बाटल्यांना कोण लावणार? त्या दिवशी निम्मं चामराजपेट बाटलीचं तोंड अंगठ्यानं दाबून लाल मिक्श्चर घरी घेऊन गेलं.

खंदक मागच्या अंगणात, माझ्या कढीलिंबाला लागून. तोही सरळ नाही, वळणावळणाचा, कारण सरळ खंदकात म्हणे बॉम्बचे तुकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. खंदक खणून त्यावर फळ्या टाकून होईपर्यंत लढाई थांबली. मी म्हटलं, आता बुजवा. "थांबली आहे, संपलेली नाही," हे म्हणाले. मग पाऊस पडला, पाणी साचलं, बेडूक आले, डास झाले. पुढच्या दारी तापाच्या गोळ्या द्यायच्या आणि मागच्या दारी डास पाळायचे, असा आमचा कारभार सुरू झाला.

एके सकाळी संरक्षणाच्या कामाची तपासणी करायला आमच्या भागातले एक निवृत्त हेडमास्तर आले. वरच्या फळ्या किती भक्कम आहेत ते दाखवायला यजमान स्वतः फळीवर चढले. "यावर हत्ती उभा करा," असं म्हणाले आणि फळीसकट खाली गेले.

मी पोळ्या लाटत होते, ती लाटणं हातात घेऊनच धावले. हे चिखलात बसलेले, उजवा पाय घोट्याच्या वर भलतीकडे वळलेला, चेहरा पांढराफटक. तरी वर जमलेल्यांना म्हणतात, "मी पिवळा. आधी बाहेरचे पेशंट बघून घ्या." बाहेरचे सगळे खोकल्याचे होते, आणि त्यांना बघणारा डॉक्टर खड्ड्यात होता. अण्णांनी अशा प्रसंगासाठी बांबूचं स्ट्रेचर तयार ठेवलं होतं. ते धावत घेऊन आले आणि स्ट्रेचर खंदकाच्या पहिल्याच वळणात अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. "स्वल्प तिरकं करा," हेडमास्तर काठावरून सांगत होते.

शेवटी मी पदर खोचून खाली उतरले. पाय हातात घेतला, बोटं हलतात का बघितलं, पावलावरची नाडी बघितली. एका बाजूला लाटणं, दुसऱ्या बाजूला फळीचा तुकडा लावला आणि पदर फाडून घट्ट बांधलं. हात काहीच विसरला नव्हता. मला तिथेच रडू कोसळलं, आणि खरं सांगते, ते त्यांच्या पायासाठी नव्हतं.

मग खुर्चीत बसवून चौघांनी त्यांना वर काढलं. हाडाच्या डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. तीन महिने जमिनीला पाय लावायचा नाही. तक्त्यात सगळ्यांची व्यवस्था होती, पण डॉक्टरच पडले तर काय, याची ओळ कुठे नव्हती. यजमान म्हणाले, बंदची पाटी लावू. अण्णांचं म्हणणं, सगळ्यांना लाल मिक्श्चर देत राहू, बरे व्हायचे ते होतात.

"मी बसते," मी म्हणाले.

"बस की," हे म्हणाले. "पण अगं, लोक तुला दाखवतील का?"

त्यांनी हे मायेनंच विचारलं, आणि ते माझ्या जिव्हारी लागलं. कारण भीती मलाही तीच होती. या तीन महिन्यांत जमलं नाही तर पुन्हा दवाखान्याचं नाव काढायचं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

पहिल्या दिवशी पेशंट आले, "डॉक्टर इल्लवा?" म्हणाले, नाहीत म्हटल्यावर हळहळले आणि शेजारच्या बोळात शिरले. बोळात आमच्या झोपायच्या खोलीची खिडकी. तासाभरानं जाऊन बघते तर गजांतून एकेक जीभ आत येतेय आणि हे पलंगावरून "अजून बाहेर, अजून" करताहेत. चेहरा कसा खुललेला. अण्णांना हाक मारली आणि आम्ही दोघांनी पलंग, प्लास्टर आणि डॉक्टर मागच्या खोलीत ढकलत नेले.

तरी तीन दिवस माझ्यापुढे आले ते फक्त अण्णांचे मेहुणे, आणि त्यांना काही झालेलं नव्हतं. चौथ्या दिवशी एक कोथिंबीर विकणारी बाई आली. तिला यजमान गेले तीन महिने पोटातल्या गॅसवर पांढरं मिक्श्चर देत होते. मी तिला पडद्यामागे नेऊन नीट तपासलं. तिला पाचवा महिना चालू होता.

"अगं, डॉक्टरांना सांगायचं नाही का?"

"पुरुषमाणसाला काय सांगू, अक्का? ते गॅस म्हणाले, मी सरी, असेल म्हटलं."

दुसऱ्या दिवशी ती जावेला घेऊन आली. जावेनं शेजारणीला आणलं. मग बाजारातल्या बायका यायला लागल्या, वर्षानुवर्षं अंगावर काढलेली दुखणी घेऊन, आणि पोत्यांवर जागा पुरेना. त्यांच्यामागून त्यांचे नवरेही आले. मागच्या खोलीतून यजमान विचारायचे, कोण आलं होतं, काय दिलंस. आधी मी सगळं सांगायची, पुढे पुढे वेळच होईना. गॅसची हकिकत मात्र मुद्दाम सांगितली. त्यांनी छताकडे बघितलं. "निदान बाळाचं पचन चांगलं असेल," म्हणाले. मग आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

प्लास्टर निघालं. एका सोमवारी सकाळी मी एका बाईच्या पाठीला नळी लावून ऐकत होते, दवाखाना भरलेला होता, आणि कुबड्यांचा आवाज दाराशी येऊन थांबला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात त्यांची नळी. अण्णा उभे राहिले, पेशंट उभे राहिले, आणि मला कळायच्या आत मीही खुर्चीतून अर्धी उठले होते. माझंच शरीर मला दगा देत होतं. इतकी भीती मला सायरनची कधी वाटली नव्हती.

"मोठा श्वास घ्या," मी त्या बाईला म्हणाले आणि खाली बसले.

त्यांनी कुबड्या सावरल्या. मग हळूच म्हणाले, "मी कुठे बसू?"

"संध्याकाळी या," मी म्हटलं. "सकाळी मी असते."