बिडाची चूल आणि माझी पंचमी

लोकांना जुन्या वस्तूंचा भारी उमाळा येतो. आमच्या खानावळीतली बिडाची चूल भंगारवाल्याच्या टेम्पोत चढली, तेव्हा शेजारणी हळहळल्या. मी मात्र टेम्पो वळणाआड जाईपर्यंत दारातून हलले नाही. बया परत तर येत नाही ना, एवढंच बघायचं होतं.

माझ्या सासरची खानावळ आखाडा बाळापूरला. ही चूल सासऱ्यांनी कुठल्याशा डाकबंगल्याच्या लिलावात घेतलेली, निजामाच्या काळातल्या साहेबलोकांची. अख्खी ओतीव बिडाची. वर तीन तोंडं, त्यांवर एकात एक बसणारी कडी, पोटात झाकणाची पेटी आणि मागे पत्र्याचं धुराडं. त्या पेटीत साहेब पाव भाजत असतील. आम्ही भाकरी गरम ठेवायचो. गावात सगळे तिला इंजिनच म्हणत. पदरी पडलं पवित्र झालं, असं नवऱ्याबद्दल म्हणतात. नव्वदच्या सुमारास मी लग्न होऊन आले, तेव्हा माझ्या पदरी नवऱ्याबरोबर इंजिनही पडलं.

मातीच्या चुलीचं बरं असतं, पोतेरं फिरवलं की ती नवी होते. बिडाला पाणी चालत नाही. पहाटे राख काढा, जाळी झटका. दुपारची जेवणं उरकली की चूल कोमट होईपर्यंत थांबा, मग काथ्यानं घासा, गोणपाटानं पुसा आणि करडईच्या तेलाचा हात फिरवा. तेल जास्त झालं की चिकट थर बसायचा, कमी पडलं की श्रावणातल्या ओलीनं रातोरात तांबडा गंज. तोवर संध्याकाळच्या भाकरींची वेळ झालेलीच असायची.

सासूबाईंना हे कधी पटलं नाही. सारवल्याशिवाय चूल पेटवायची नाही, हा त्यांचा नेम. मी यायच्या आधी त्यांनी हिलाही शेणमातीनं सारवून पार गंजवली होती. शेवटी तोड निघाली. चुलीपुढच्या जमिनीवर त्या एक पट्टा सारवायच्या, हळदीकुंकू वाहायच्या, मग मी काडी ओढायची.

मोठी घासणी वर्षातून एकदाच, नागपंचमीला. त्या दिवशी आमच्याकडे तवा ठेवत नाहीत, काही चिरत नाहीत, तळत नाहीत. खानावळ बंद, चूल गार. मग धुराडं उतरवायचं, पेटीमागची काजळी खरवडायची, सांधे राख-मीठ-मातीच्या लगद्यानं बुजवायचे आणि सगळं पुन्हा जोडायचं. कोणतं कडं कुठं बसतं ते मलाच ठाऊक होतं, आणि शिकून घ्यायची घाई दुसऱ्या कुणाला नव्हती.

आणि पंचमी म्हणजे तर आमच्या भागातला लेकींचा सण. सगळ्या माहेरी जातात, झोके खेळतात. माझं माहेर गोरेगावला. दरवर्षी भाऊ न्यायला यायचा आणि चहा पिऊन एकटाच परत जायचा. एरवी मी कधी गेलेच तर उभ्या उभ्या, संध्याकाळच्या स्वयंपाकाला परत. आई दरवेळी विचारायची, पंचमीला येशील ना? पुढं पुढं तर मी परतीच्या गाडीची वेळ विचारायला लागले. फार राग यायचा त्या चुलीचा. पण बिडावर राग काढून आपलेच हात दुखतात.

एका वर्षी पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी मी गिरणीतून दळण घेऊन आले. भाऊ नुकताच येऊन ओसरीवर टेकला होता. आत गेले तर सगळीकडे वाफच वाफ. सासूबाई पोतेरं हातात धरून थिजल्यासारख्या उभ्या, आणि चुलीच्या वरच्या जाड पाटाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर. तापल्या बिडावर त्यांनी बादली ओतली होती.

"आत्याबाई, काहून पाणी टाकलंत? किती येळा सांगितलं मी!"

"तुहा भाऊ दरसाल रिता जातो," त्या खाली बघत म्हणाल्या. "म्या म्हनलं, औंदा आपुनच आदल्या दिशी घासून टाकावं. म्हंजी पोरगी जाईल."

मी कपाळाला हात लावला. त्यांच्यावर ओरडावं की त्यांच्या गळ्यात पडावं, कळेना. दोन्हीला अंगात बळ नव्हतं. मी काथ्या शोधायला लागले, तशा त्याच आधी सावरल्या.

"आता फुटल्या चुलीला काय घासून राहिलीस? भेग मालक बघून घेतील. जाय तू."

पंचमीच्या सकाळी भावाबरोबर पहिल्या गाडीनं हिंगोली गाठली, तिथून जीप. गोरेगावात पोचले तेव्हा पोरीबाळी नटूनथटून झोक्याकडे निघाल्या होत्या. मीही जाणार होते. आईनं चहा दिला. जराशी पाठ टेकते म्हणाले आणि वाकळीवर आडवी झाले.

जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. गाणी थांबली होती. बाया घरी येऊन आपापल्या चुलीला लागल्या होत्या. आई उशाशी बसून पदरानं माझ्यावरच्या माशा वारत होती. इतक्या वर्षांनी मिळालेली पंचमी मी झोपून घालवली होती. मला रडूच फुटलं.

"उठवलं काहून न्हाई मला?"

"बोलवायला आल्या व्हत्या पोरी. म्याच परत धाडल्या."

"पर काहून, आई?"

"झोक्यासाठी बोलावते का मी तुला?" आई म्हणाली. "येतीस तवा उभ्या उभ्या येतीस. आज दिसभर पाह्यलं तुला."