तेओफिलभावजींचा पहिला नंबर

आमचे तेओफिलभावजी जुळ्यांतले धाकटे. माझे यजमान आधी जन्मले, हे पाव तासानं. तो पाव तास काही त्यांना सत्तर वर्षांत भरून काढता आला नाही. शाळेत दुसरे, ट्रामच्या डेपोत बढतीच्या यादीत दुसरे. एका मुलीला मागणी घालायला गेले, तर तिनं आदल्याच दिवशी त्यांच्या भावाला होकार दिलेला. ती मुलगी म्हणजे मी. भावजी अजून टोमणे मारतात आणि मी त्यांना बिटाचं सूप वाढते.

पोलंडमधल्या पोझ्नानला रुळांपलीकडे आमची सामाईक बाग आहे, तिथं त्यांचा एक तुकडा. असे वीस-बावीस जणांचे तुकडे, प्रत्येकाचं लाकडी खोपटं आणि जमिनीत ठोकलेल्या पाइपावर हातपंप. नळ नाही. सहा मीटरवर पाणी असतं, तेवढ्यावर सगळ्यांचं भागतं. शेजारचा तुकडा बोनिफात्सींचा. उन्हाळा सरताना बागेचा सण होतो, तेव्हा सगळ्यांत मोठ्या भोपळ्याला निळी फीत मिळते. पाच वर्षं ती फीत बोनिफात्सींच्या दारावर. पाचही वर्षं भावजींचा भोपळा दुसरा.

"वहिनी, मरायच्या आधी एकदा तरी मला पहिलं यायचंय," भावजी म्हणाले. "त्या बोनिफात्सीच्या पंपाला माझ्यापेक्षा जास्त पाणी येतं."

"भोपळा पाण्यावर वाढतो भावजी, जळफळाटावर नाही."

त्या वर्षी मे महिन्यापासून पावसाचा थेंब नव्हता. जूनमधल्या एका गुरुवारी मोठ्या मिरवणुकीला सगळी बाग पाद्रीबाबांच्या मागे निघाली. भावजींचा त्या दिवशी गुडघा दुखत होता. दुपारी माझ्याकडे जेवायला आले ते दोन्ही तळहातांना फोड घेऊन.

"नऊ मीटर," ते कुजबुजले. "सातव्यावर हातोडा नुसता उसळत होता. मग एकदम पाइप असा आत गेला, लोण्यात सुरी जावी तसा."

"आणि गुडघा?"

"गुडघा बरा आहे."

तीन दिवस त्यांच्या पंपाला पाणी होतं. चौथ्या दिवशी पंप म्हाताऱ्यासारखा खाकरायला लागला. आठवड्याभरात शेजारचे खाकरले, मग अख्खी बाग कोरडी. भावजी लांब चेहरा करून प्रत्येकाच्या कुंपणापाशी जात आणि हळहळून येत. काकड्या माना टाकत होत्या. भावजींची झोप उडाली होती, पण तोंड उघडत नव्हतं.

बागेच्या अध्यक्ष ओतिलियाबाई. त्यांचे वडील विहिरी खणायचे. त्यांनी सगळ्यांना अक्रोडाखाली बसवलं आणि म्हणाल्या, "आपल्या खाली चिकणमातीची परात आहे. पावसाचं पाणी तिच्यात साठतं, तेच आपण ओढतो. कुणीतरी परातीचं बूड फोडलंय. सगळं पाणी खालच्या वाळूत चाललंय. कोण ते सांगा, म्हणजे बुजवता येईल."

मी भावजींना कोपर मारलं. मग दुसऱ्यांदा, जरा जोरात.

भावजी उठले. "मी फोडलं. मिरवणुकीच्या दिवशी. तुमच्या सगळ्यांच्या काकड्या माझ्यामुळं गेल्या."

कुणी काही बोलायच्या आत बोनिफात्सी उठले. "बसा हो खाली. मी फोडलंय. मिरवणुकीच्या आधीच्या रविवारी, सगळे प्रार्थनेला गेले होते तेव्हा."

भावजी बसले नाहीत. आधी चेहरा उजळला, एकटेच पापी नव्हते म्हणून. मग हळूहळू पडला. यातही दुसरे!

"किती मीटर गेलात?" त्यांनी विचारलं.

"आठ."

"आठात काय होतंय? तुमचा पाइप मातीतच अडकला असणार. बूड फुटलं ते माझ्या पाइपानं."

"माझा आरपार गेला. मला हाताला कळलं."

"तुमच्या हाताला काय कळतंय, बोनिफात्सी? माझ्या हाताचे फोड बघा."

"रविवार आधी येतो की गुरुवार?"

दोन म्हातारे पाणी पळवल्याचा मान एकमेकांकडून हिसकावत होते, आणि ज्यांचं पाणी गेलं ते माना वळवून ऐकत होते. शेवटी ओतिलियाबाईंनी काठी आपटली. "पुरे. दोन्ही पाइप उपटायचे, दोन्ही भोकं मळलेल्या मातीनं ठासायची. ज्यानं आधी फोडलं, त्यानं दोन्ही भोकांची माती मळायची. एकट्यानं. आता बोला, पहिला कोण?"

बोनिफात्सी खाली बसले. मग म्हणाले, "नीट विचार केला तर, तेओफिलराव, तुमचंच पहिलं. माझा बहुतेक अडकलाच होता."

"सगळ्यांनी ऐकलं ना?" भावजींनी वळून विचारलं.

त्या दोघांचे भोपळे वाळून गेले. पाऊस पडला तो ऑगस्टात, आणि सप्टेंबरात पंपांना पुन्हा पाणी आलं. पण त्याआधी तीन दिवस भावजी पोटऱ्यांपर्यंत मातीत उभे राहून ती तुडवत होते, आणि कुंपणापाशी जो थांबेल त्याला सगळी हकिगत पहिल्यापासून सांगत होते. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले.

"पाय भरून आले असतील ना?" मी विचारलं.

"ते बोनिफात्सीला विचारा," भावजी म्हणाले. "तो दुसरा आला ना, त्याचं दुखत असेल."