फोटो निळा चमकला

३ ऑक्टोबरला माझ्या मेहुण्याने माझ्याकडून नऊशे साठ उसने नेले आणि संध्याकाळी एक जांभळा दिवा घेऊन आला. मी हिशेबखात्यातला माणूस, मार्चमध्ये निवृत्त होणार. उसने दिलेले पैसे कशाला हवेत, हे मी सहसा विचारत नाही. दिवा पाहून मात्र राहवलं नाही.

"याचं काय करणार?"

"खोटं पकडणार, भाऊजी."

मेहुणा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. सगळी गल्ली त्याला भिंग म्हणते, त्याची बायकोसुद्धा. महायुद्धाच्या काळातले फोटो जमवायचा नाद त्याला विशीत लागला, तो काही सुटला नाही. मूळ फोटो म्हणजे लढाई चालू असतानाच कागदावर उतरवलेला. पुढे त्याच निगेटिव्हवरून काढलेली प्रत दिसायला तशीच, पण जमवणारे तिला हात लावत नाहीत. हा फरक ओळखण्यातच भिंगचं निम्मं आयुष्य गेलं. आधी भिंगाखाली धरायचं. ठिपके दिसले तर ते छापखान्यातलं चित्र, फोटो नव्हेच. मग खिडकीशी तिरका धरायचा. जुन्या फोटोच्या काळ्या भागावर चांदीसारखी साय येते, ती बघायची. मग कडा, मग पाठ, आणि शेवटी वास.

आता त्यात दिव्याची भर पडली. लढाईनंतर काही वर्षांनी फोटोच्या कागदात पांढरेपणासाठी एक रसायन घालू लागले. ते या दिव्याखाली निळसर चमकतं. त्याआधीचा कागद काळवंडलेलाच राहतो. पहिल्याच आठवड्यात त्याने भिंतीवरचे बरेचसे फोटो उतरवले. त्याची बायको म्हणाली, "बरं झालं. पालींना ऐसपैस जागा झाली."

त्याच सुमारास खालच्या मजल्यावरच्या मावशी वर भिंगकडे आल्या. मावशींनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले. ऐंशी पार केली, आता महिनाअखेरीला मुलीकडे कायमच्या जायच्या होत्या. सामान बांधताना त्यांना एक फोटो सापडला होता. त्यांचा थोरला भाऊ लष्करी लॉरीला टेकून उभा, टोपी मागे सरकलेली. लढाईवरून दादानेच पाठवला, असं आई सांगायची. त्यानंतर तो बेपत्ता झाल्याचं पत्र आलं. मावशी तेव्हा सहा वर्षांच्या होत्या.

"तुम्हाला यातलं कळतं म्हणतात. ही जागा कुठली असेल, एवढं सांगा."

भिंग जागेकडे बघेल तर शपथ. फोटो आणि दिवा घेऊन तो अंधारासाठी कपड्यांच्या कपाटात शिरला, आतून दार ओढलं आणि बाहेर आला तो हसतच.

"मावशी, ही नंतरची प्रत. कागदच लढाईनंतरचा."

"नंतरचा म्हणजे?"

"दहा वर्षं तरी."

"मग तेव्हा दादा होता?"

"ते फोटो सांगत नाही, मावशी. राहू दे माझ्याकडे, आणखी बघतो."

मावशींनी शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. दहा वर्षांनी फोटो आला, म्हणजे दादा जिवंत होता. जिवंत होता आणि आला नाही. आईला हे ठाऊक होतं आणि आईने लपवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बांधलेली गाठोडी पुन्हा सोडली. मुलीला फोनवर म्हणाल्या, "मी येत नाही. टेम्पो नको पाठवूस." जिन्यात पाऊल वाजलं की दार उघडून बघायच्या. मला एकदा फाटकापाशी अडवलं.

"तुम्ही शिकलेले. घरी न यायला माणसाला काय कारण असतं हो? मी त्याची शाई सांडली होती, तेवढंच आठवतंय मला."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भावावर उखडली.

"म्हातारी अन्नावरून उठलीय. चांगले दिवे लावलेस!"

भिंगही स्वस्थ नव्हता. दुकानात दोन गिऱ्हाइकांच्या काचा अदलाबदल केल्या, मालकाची बोलणी खाल्ली. मला म्हणाला, "भाऊजी, साय खरी आहे. कडा खऱ्या आहेत. एकटा दिवाच उलटं बोलतोय."

"दोन बाजू जुळत नव्हत्या, तर ताळेबंदावर सही कशाला केलीस?"



रविवारी दुपारी तो दिवा आणि फोटो घेऊन थेट आमच्या न्हाणीघरात शिरला. तिथे खिडकी नाही. मलाही आत ओढलं, दार लावलं. बादलीला पाय अडवत आम्ही दोघं उभे.

"नीट बघा. कागदच चमकत असता, तर सगळीकडे सारखा चमकला असता. हा कसा चमकतोय?"

चमक पट्ट्यापट्ट्यांची होती. पाठीवर जास्त, आणि एका कोपऱ्यात ओघळून साचल्यासारखी. शेजारी माझ्या सदऱ्याची बाही तशीच निळी पेटली होती. भिंगने बाहीकडे पाहिलं, मग फोटोच्या विरुद्ध कोपऱ्याकडे. तिथे दोन बारीक दातांचा ठसा होता.

"चिमटा," तो म्हणाला. "वाळत घालायचा चिमटा. भाऊजी, फोटो धुतलाय!"

आम्ही तसेच मावशींकडे गेलो.

"धुतला तर!" मावशी म्हणाल्या. "अल्बमला घट्ट चिकटला होता. धुण्याच्या पावडरच्या पाण्यात भिजवून सोडवला, पुसला, दोरीवर वाळवला. तुमच्यासारख्या जाणकाराकडे मळका कसा आणायचा?"

भिंग सोडलेल्या गाठोड्याशेजारी खालीच बसला.

"मावशी, मी चुकलो. चमकली ती पावडर. तेच पांढरेपणाचं रसायन तिच्यातही असतं. कागद जुनाच आहे. हा फोटो तेव्हाचाच."

"म्हणजे आई खरं सांगत होती."

"हो. पण पुढचं फोटो…"

"पुढचं मला ठाऊक आहे." त्यांनी फोटो हातात घेतला. बराच वेळ दादाच्या टोपीवरून अंगठा फिरवत राहिल्या. "चार दिवस शिव्या घातल्या रे याला. आईलाही." मग भिंगकडे वळून, "दिवा कितीला आणलास?"

"नऊशे साठ."

"फसवलं तुला. ये, इथे बोट धर."

भिंगने गाठीवर बोट धरलं आणि मावशींनी गाठोडं आवळलं. सगळी गाठोडी तशीच बांधली. महिनाअखेरीला त्या गेल्या. टेम्पोत पुढे बसल्या, फोटो पदराआड धरून.

भिंगने उतरवलेले फोटो पुन्हा बाहेर काढले आहेत. रोज कामावरून आला की एकेक घेऊन कपाटात शिरतो आणि प्रत्येकाचे कोपरे तपासतो. जेवायला हाका माराव्या लागतात. तीन फोटो भिंतीवर परत गेले. बाकीच्यांचं त्याला अजून ठरवता येत नाही, आणि ज्यांच्याकडून ते घेतले त्यांतले बरेच आता 'धुतला होता का' विचारायला उरलेले नाहीत.

दिव्याचे नऊशे त्याने परत केले. साठ येणे आहेत.