खालून दिसणारा डोंगर

माझे भाऊजी परदेशात जाऊन आले ते तिथं फुकट काय काय मिळतं हे बघायला, असं माझं स्पष्ट मत आहे. ताईला हे मी तोंडावर सांगितलंय. ती म्हणते, "असू दे गं, माणूस वाईट नाही." वाईट नाहीत हे मलाही मान्य आहे. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

भाऊजी चष्म्याच्या दुकानात कामाला आहेत. मागच्या खोलीत मशीनवर काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या. काम चोख, पण गेली कित्येक वर्षं त्यांचं सगळं चित्त मोबाइलवरच्या विमानभाड्यात. कुठलं भाडं उतरलं की हातातली काच ठेवून बाहेर यायचे आणि गिऱ्हाइकाच्या नाकासमोर मोबाइल धरायचे. गिऱ्हाईक बिचारं चष्म्यासाठीच आलेलं, त्याला काय दिसणार! दुकानात त्यांना सगळे 'विमानवाले' म्हणायचे. विमानात ते तोवर एकदाही बसले नव्हते.

अखेर तिकिटं निघाली. इतकी स्वस्त का, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की त्यांना वाटायचं, आपण जळतोय. मला बोलावणं आलं, कारण तिघांची खोली घेतली की माणशी कमी पडतं. लोक मेहुणीला कौतुकानं नेतात, मला भागाकारासाठी नेलं.

ताईनं एकच मागितलं. ती कपडे अल्टर करायच्या दुकानात बसते. दिवसभर मान खाली घालून लोकांच्या पँटी आखूड करते. ती म्हणाली, "तिथं रोपवे आहे म्हणे. तेवढं डोंगरावर जाऊन यायचंय मला."

"बघू," भाऊजी म्हणाले.

त्या घरात 'बघू'चा अर्थ काय, हे ताईला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

मोठ्या बॅगेचे वेगळे पैसे पडतात, म्हणून लहान बॅगांत मावलं नाही ते आमच्या अंगावर चढवण्यात आलं. दोन स्वेटर आणि वर कोट घालून मी विमानतळावर घामानं निथळत उभी होते आणि भाऊजी अभिमानानं म्हणत होते, "बघ, एक पैसा जास्त गेला नाही." शाम्पू त्यांनी दुकानातल्या चष्मा पुसायच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरला होता. त्यातली एक बाटली रिकामी नव्हतीच. ताईनं तिथं पोचल्यावर त्या औषधानंच केस धुतले.

खोली 'गावालगत' होती. कुठल्या गावालगत, ते लिहिलेलं नव्हतं. खाली टायरचं दुकान, खिडकीसमोर भिंत. बसचे पैसे नकोत म्हणून रोज चालत जायचं आणि चालत यायचं. वाटेत हॉटेलं लागायची. भाऊजी प्रत्येकाच्या दाराशी थांबून बाहेर लावलेले दर वाचायचे, हसायचे आणि पुढे निघायचे. जेवणाची सोय त्यांनी घरूनच आणली होती: एक विजेची किटली. तिच्यात चहा, तिच्यातच अंडी उकडायची. चहाला अंड्याचा वास यायचा. मी नाक मुरडलं तर म्हणाले, "मेहुणीबाई, परदेशात आलोय, थोडं जुळवून घ्यावं लागतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वेटर वाळवायला हीटर लावला आणि त्याच बटणावर किटली. फट्ट आवाज झाला आणि अख्ख्या मजल्याची वीज गेली. मालकीणबाई टॉर्च घेऊन वर आल्या. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, पण शिव्या कुठल्याही भाषेतल्या कळतात. भाऊजींनी हसून त्यांच्यापुढे एक अंडं धरलं. बाईंनी अंड्याकडे बघितलं, भाऊजींकडे बघितलं आणि किटली उचलून घेऊन गेल्या. त्या दिवशी आम्ही कोरडा पाव खाल्ला.

"प्रवासात पोट हलकंच बरं," भाऊजी म्हणाले.

ताई पावाचे तुकडे करत राहिली.

तिसऱ्या दिवशी आम्ही रोपवेपाशी गेलो. म्हणजे भाऊजींनी तिथलं फुकटची बाग दाखवायला नेलं होतं आणि रोपवे वाटेत लागला. तिकिटाची खिडकी, वर जाणाऱ्या तारा, तारांवरून सरकणारे लाल पाळणे. ताई थांबली. भाऊजींनी दर वाचले आणि नेहमीसारखे हसले.

"एवढे पैसे! अगं, खालूनही तोच डोंगर दिसतो."

ताईनं पर्स उघडली. आत तिच्या शिलाईचे पैसे होते, तिथल्या नोटा करून आणलेले. हे मलाही माहीत नव्हतं. खिडकीपाशी जाऊन तिनं दोन बोटं दाखवली.

"आणि माझं?" भाऊजींनी विचारलं.

"तुम्हाला खालून दिसतो ना," ताई म्हणाली आणि माझा हात धरून पाळण्यात शिरली.

मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते. ताई मात्र पाळणा हलताच डोळे गच्च मिटून बसली, ती वर पोचेपर्यंत. वर डोळे उघडले तर सगळीकडे धुकं. डोंगर सोडा, कठड्यापलीकडचं झुडूपसुद्धा दिसेना. आम्ही कॉफी घेतली, केक घेतला, दोन्हीच्या किमतीकडे बघितलं नाही. मग ताई हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला.

"त्यांना काय सांगायचं गं?"

"सांगू, सगळं दिसलं. अगदी बर्फ, दरी, सगळं."

खाली आलो. आमच्या वाटण्या ठरल्या होत्या: मी बर्फ सांगणार, ती दरी. पण भाऊजी रुसलेले नव्हतेच. उलट चेहरा फुललेला. तिकीटवाल्याशी खाणाखुणा करून त्यांनी शोधून काढलं होतं, की शेवटच्या फेऱ्या अर्ध्या पैशांत असतात.

"घाई केलीत! थांबला असतात तर अर्ध्यात झालं असतं," असं म्हणून ते एकटेच पाळण्यात बसले आणि हात हलवत वर गेले.

तेवढ्यात धुकं हटलं. झर्रकन सगळं उघडं पडलं. आम्ही दोघी बाकावर बसून मान वर करून बघत राहिलो. ताईच्या तोंडून जी शिवी निघाली ती मी जन्मात तिच्या तोंडून ऐकली नव्हती.

भाऊजी ढीगभर फोटो घेऊन उतरले. शिखरं, ऊन, बर्फ आणि प्रत्येकात पुढे त्यांचं नाक. "तुम्हाला दिसलं तेच हे, नाही का?" त्यांनी विचारलं. आम्ही माना डोलावल्या. दुसरं काय करणार?

परत आल्यावर दुकानात महिनाभर तेच फोटो. अर्ध्या पैशांची गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली, की मालकानं त्यांना मागच्या खोलीतून बाहेर यायचीच बंदी केली.

माझी अपेक्षा होती, ताई आता भांडेल. ती भांडली नाही. पुढच्या वर्षी एका संध्याकाळी शांतपणे म्हणाली, "अहो, यंदा आम्ही दोघी बहिणी जातोय. समुद्रावर. तुमच्याइतकं स्वस्त तिकीट कुणाला काढता येत नाही, तेवढं तुम्ही बघा. खोली मी बघते."

मला वाटलं, आता तोंड पाडून बसतील. छे! भाऊजी ताठ बसले, मोबाइल घेतला आणि मोहिमेला लागले. रोज भाडी बघताहेत, ताईला तारखा बदलायला लावताहेत. शेजाऱ्यांना सांगतात, "दोघींना किती स्वस्तात पाठवतोय, विचारा!" आपल्याला वगळलंय, हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. की आलंय आणि तेवढं एक तिकीट वाचलं म्हणून ते खूश आहेत, देव जाणे.

ताईनं खोली ठरवली आहे. खिडकीतून समुद्र दिसतो, आणि सकाळचं खाणं खोलीच्या भाड्यातच आहे. नवऱ्याला कामाला लावायची अक्कल तिला इतक्या वर्षांनी आली, याचंच मला जास्त नवल वाटतं.