पायाची गोळी, डोक्याची गोळी

आमच्या घरात दोन गोळ्या होत्या. सासूबाईंची ती पायाची आणि माझी ती डोक्याची. पायाची गोळी देवाच्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्याशेजारी उघडी पडलेली असायची. माझी मात्र कपड्यांच्या पेटीत, जुन्या परकराच्या घडीत. ती लपव असं मला कोणी सांगितलं नव्हतं, पण आल्यागेल्याला दिसू नये एवढं मला न सांगता कळत होतं.

खर्डी स्टेशनवरून रिक्षाने वीस मिनिटांवर आमचं घर. भाताची शेती, नवरा गोदामात कामाला, धाकटे दीर ठाण्याला ऑफिसात. तीन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, मी बिघडले. चुलीवर भात ठेवायचे आणि तो करपला तरी समोर बसून राहायचे. पोरी वेणी घालून घ्यायला पुढ्यात बसायच्या आणि माझा हात वर जायचा नाही. सकाळी डोळा उघडला की तो का उघडला, असं वाटायचं. कोणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं. दुःखाला कारण नसलं की लोक त्याला नखरा म्हणतात, आणि माझ्या घरच्यांनी तेच म्हटलं.

शेवटी मीच शहापूर गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सरळ विचारलं, “मरावंसं वाटतं का?” मी हो म्हटलं. त्यांनी औषध दिलं, पण एका वेळी सातच दिवसांचं. मला राग आला. पोरांना खाऊ मोजून देतात तसं काय देता, असं मी तोंडावर बोलले. त्या शांतपणे म्हणाल्या, “औषध जुनं आहे आणि गुणाचं आहे. पण जास्त पोटात गेलं तर हृदयाचे ठोके बिघडवतं. म्हणून मोजून देते आणि म्हणूनच तुम्ही कुलपात ठेवायचं.” मग बाकीचं सांगितलं. तीन-चार आठवडे काही फरक वाटणार नाही, तरी चालू ठेवायचं. तोंडाला कोरड पडेल, पोट साफ होणार नाही, वाकून एकदम उठलात तर अंधारी येईल. आपल्या मनाने अचानक बंद करायचं नाही. मी सगळं ऐकलं, कुलपाचं तेवढं हसण्यावारी नेलं.

पाचव्या आठवड्यात एके सकाळी मी थोरलीवर खेकसले, मान सरळ ठेव म्हणून. ती रडली नाही, हसायला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तिची वेणी घालते आहे. त्या दिवशी मी डब्यात तिच्या आवडीची अंड्याची पोळी दिली.

सासूबाईंना साखरेचा आजार. तळपायांची आग आग होते म्हणून मुरबाडच्या डॉक्टरांनी त्यांना रोज रात्री एक गोळी दिलेली. एकदा फळी पुसताना मी त्यांची पट्टी हातात घेतली आणि वाचली. तीच कंपनी, तीच निळी पट्टी, तेच औषध. फरक फक्त आकड्यात. त्यांची दहाची, माझी पंचाहत्तरची. माझी एक म्हणजे त्यांच्या सात-आठ. मी पट्टी जागेवर ठेवली आणि कोणाला काही बोलले नाही. बोलले असते तर म्हातारीला माझ्या पंगतीला बसवल्याचं पाप माझ्या माथी आलं असतं. आणि खरं सांगते, मनातल्या मनात मजाही वाटत होती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, तसं या घरात गोळ्यांचंही चाललं होतं.

आमच्याकडे भाताची लावणी सावडीने होते. आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही. दिवसभर चिखलात वाकून कंबरेचे टाके ढिले होतात. मी सांगितल्याप्रमाणे हळूहळू उठायचे, तर बायका म्हणायच्या, “उठल्या गो राणीसाहेब.” दुपारी बांधावर भाकरी सोडली की जिच्याकडे गोळी असेल तिने ती चटणीसारखी सगळ्यांना द्यायची, ही आमची रीत. कोणाची कंबर, कोणाचं डोकं, कोणाचे गुडघे. न देणारीला कंजूष म्हणतात. सासूबाई कंजूष कधीच नव्हत्या.

“माजी पायाची घे गो,” असं म्हणत त्यांनी त्या वर्षी चार दिवसांत अख्खी पट्टी वाटली. “रातची ढाराढूर झोप लागते बघ.”

माझ्या तोंडाशी आलं होतं, की ही कंबरेची गोळी नाही, कोणाला काय आजार आहे ते तरी विचारा. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. ती चूक माझी, आणि ती मी कोणावर ढकलत नाही.

पट्टी संपली आणि पायांची आग काही थांबेना. सासूबाईंना माझी पेटी ठाऊक होती. निळी पट्टी पाहिली, आपलीच समजल्या आणि आदल्या दिवशीची चुकली म्हणून दोन घेतल्या.

सकाळी त्या गोधडीचे धागे उपटत बसल्या होत्या आणि कधीच वारलेल्या बहिणीशी बोलत होत्या. तोंड लाल, कातडी गरम आणि कोरडी, छाती धडधडत होती. रात्रीपासून लघवीला गेल्या नव्हत्या. नवरा म्हणाला, कोणीतरी काहीतरी केलं हिला. मी पेटी उघडली तर माझ्या पट्टीत दोन गोळ्या कमी होत्या. माझी आणि त्यांची रिकामी, दोन्ही पट्ट्या कनवटीला खोचून मी त्यांना रिक्षात घातलं. शहापूरच्या दवाखान्यात पट्ट्या दाखवल्या, किती घेतल्या ते सांगितलं, म्हणून डॉक्टरांना विचारत बसावं लागलं नाही. त्यांनी लगेच हृदयाचा ईसीजी काढला, लघवीची नळी घातली आणि तीन दिवस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला ओळखलं आणि चहात साखर नाही म्हणून कुरकुर केली.

दवाखान्यात आलेल्या नवऱ्याने माझी पट्टी घरी नेली आणि उरलेल्या गोळ्या चुलीत घातल्या. दोन रात्री औषध पोटात गेलं नाही तर मळमळ, घाम आणि डोळा लागला की भलतीच स्वप्नं. मी तिथूनच चालत डॉक्टरीणबाईंकडे गेले, नवीन सात दिवसांचं घेतलं, आणि येताना बाजारातून पत्र्याचा डबा आणि कुलूप घेतलं.

सासूबाईंना घेऊन घरी आले तर माझा दादा ओटीवर बसलेला. सिद्धगडच्या पायथ्याच्या माझ्या माहेराहून त्याला नवऱ्याने निरोप देऊन बोलावलं होतं. काही दिवस बहिणीला घेऊन जा म्हणून. असे ‘काही दिवस’ माहेरी गेलेल्या दोन बाया मला ठाऊक होत्या, त्या परत आल्या नव्हत्या.

नवरा दादाला म्हणाला, “हिच्या गोळीनं आई मरता मरता वाचली. त्या येडाच्या गोळ्या या घरात नाय पाहिजेत. सोडत नसंल तर तिला ने.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मी ऐकून होते. त्या दिवशी माझ्याच ओटीवर पाहिलं. मी माझी नवी पट्टी आणि सासूबाईंची रिकामी जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि दिरांना म्हटलं, “भावजी, तुमी रोज विंग्रजी वाचता. मोठ्यानं वाचा.”

त्यांनी पहिली वाचली, “अ‍ॅमिट्रिप्टिलीन, पंचाहत्तर.” दुसरी उचलली, “अ‍ॅमिट्रिप्टिलीन, दहा.” मग पट्टी उलटीसुलटी करून पाहिली आणि माझ्या नवऱ्याकडे बघितलं.

“म्हंजे?” नवरा म्हणाला.

“म्हंजे एकच औषद,” मी म्हटलं. “डॉक्टरनं सांगितलं तेवढं घेतलं तर माणूस उभा र्‍हातो, जास्त घेतलं तर मरतो. आता ते माज्या कुलपात र्‍हाईल. आईंचं पण आनि माजं पण. मी गोळी सोडनार नाय नि घर पण नाय. येडाची गोळी खानारीला माहेरी धाडायची आसंल, तर दोन रिक्षा बोलवा. आईंना त्यांच्या माहेरी, मला माज्या.”

नवऱ्यासमोर मी इतकं कधीच बोलले नव्हते. दादा खाली मान घालून चपलेच्या अंगठ्याशी खेळत होता.

सासूबाई आत खाटेवर होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांचा आवाज आला, आजारपणाने बसलेला.

“भात टाक गो. तुजा भाऊ जेवून जाईल.”

मी उठले, हळू उठले, आणि भात टाकला. दादा पोटभर जेवला आणि शेवटच्या रिक्षाने एकटाच गेला.